तीन डोक्यांचा कुत्रा आणि लेकीचं खातं

३ फेब्रुवारी
लेकीचा व्हिडिओ गेमचा कन्सोल कोणाला तरी देऊन टाकावा म्हणून आज टीव्हीला जोडून पाहिला. चौदा महिने तो कपाटात आणि ती घराबाहेर! ना फोन, ना पत्ता. तर यादीत एक नवाच खेळ. ग्रीक देवांचा, तलवारीचा. 'खरेदी : सहा दिवसांपूर्वी.' खातं तिचं. म्हणजे तिनेच घेतला, कुठूनतरी!
आहे, कुठेतरी आहे माझी पोर.

४ फेब्रुवारी
ती बघते ते मला बघायचंय. पण डबा म्हणतो एकशे अठरा जीबी जागा हवी. आहे नऊ! शिवाय सिस्टिम अपडेट, शिवाय वेगवान इंटरनेट. आमचं गोगलगाय. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, मॉडेल जुनं झालंय. चालेल, पण धापा टाकत."
जागेसाठी तिचे चार जुने खेळ पुसले. न विचारता. खोडच माझी! तेव्हाही तिच्या नोकरीचं पाकीट मीच फोडलं. गाव लांबचं, म्हणून तिच्या नावाने 'नको' कळवून मोकळी झाले. तिला समजलं त्याच दिवशी तिने बॅग भरली.

६ फेब्रुवारी
खेळ डब्यात उतरतोय. बेचाळीस टक्के.

७ फेब्रुवारी
सुरू झाला! डब्यातला पंखा मिक्सरसारखा ओरडतोय. पाताळाच्या दारात तीन डोक्यांचा कुत्रा. एकोणीस वेळा मेले. शिवणकामात जन्म गेला, पण ही बटणं काही हाताला येत नाहीत. हे म्हणाले, "बिस्कीट टाकून बघ त्याला." हसू आलं, मग रडूच कोसळलं.
सहा वाजता पडदा काळा. खेळाने मला बाहेर काढलं.

८ फेब्रुवारी
आजही बरोब्बर सहाला! जागा कमी पडली की काय? दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणतो — "नाही हो काकू. एका खात्यावर एका वेळी एकालाच खेळता येतं. तेव्हा दुसरीकडे कोणीतरी खेळायला बसतंय."
कोणीतरी! सहाला कामावरून येत असेल. हात-पाय धुऊन बसत असेल.

१२ फेब्रुवारी
रोज पावणेसहाला बसते, बाहेर काढून घ्यायला. हे म्हणतात, "अगं, लोक जिंकायला खेळतात!" त्यांना काय सांगू? दिवसातून तेवढा एक क्षण ती असल्याचं कळतं. पण इकडे मी आहे हे तिला कसं सांगू?

१५ फेब्रुवारी
सहा वाजले. साडेसहा. सात. पडदा चालूच!

१६ फेब्रुवारी
आजही कोणी बाहेर काढलं नाही. आजारी असेल? पडली-बिडली असेल? विचारू कोणाला! दुरुस्तीवाला म्हणतो, "गावाला गेली असेल हो."

१७ फेब्रुवारी
डबा आज आत घेईना. पासवर्ड बदललाय. म्हणजे ती धडधाकट आहे — आणि आपल्या खात्यात कोणी शिरतंय हे तिला कळलंय.
खाली लिहून येतं : 'पासवर्ड विसरलात? उत्तर द्या आणि नवा ठेवा.' प्रश्न — 'आईचं माहेरचं आडनाव?'
नवा ठेवला की मी आत, ती बाहेर. हे मागून म्हणाले, "टाक की! बघतेस काय?"
उत्तर मला येतं. लिहिलं नाही.