सगळ्यांच्या घरची जिलेबी

धुळे, मंगळवार, संध्याकाळी

इंग्रजीच्या तासाला गाणं झालं, विनोद झाला, मग चर्चेचा प्रश्न आला: तुम्हाला आनंद कशाने होतो? नमुन्याचं उत्तर मीच मागे फळ्यावर लिहून दिलं होतं. माझे बाबा दर रविवारी जिलेबी आणतात, असं. कुठून सुचली मला ती जिलेबी? पोरींनी तेच पाठ केलं. आज एकेक उठली आणि सगळ्यांच्या बाबांनी जिलेबी आणली. मग वैशाली उठली. तिचे वडील पंधरा दिवसांपूर्वी वारले. तीही इंग्रजीत तेच बोलली, एकही चूक न करता. वर विचारलं, "बरोबर शे ना, बाई?"

मी म्हणाले, व्हेरी गुड.

तेही माझं पाठच.