ज्वारीवर ज्वारी

नायगाव, गुरुवार, संध्याकाळ

वहीत लिहायला चार दिवस उशीर झाला, माफी असावी. मन थाऱ्यावर नव्हतं.

स्टँडजवळ दुसऱ्याची नवी पिठाची गिरणी झाली तसा मी माझ्या गिरणीत घाईला लागलो. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी, मग धान्य कुठलंही असो. तरी ज्वारीवाल्या बाया कमीच होत गेल्या. शेषाबाई तर वीस वर्षांची गिऱ्हाईक, तीही महिनाभर आली नाही.

आज बाजारात भेटली. विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?"

"मामा, हरभऱ्याच्या डाळीवर लगेच ज्वारी टाकायलाव तुम्ही. भाकर पिवळी व्हायली, घरचे खाईनात."

"तुम्हा बायांना थांबावं लागू नये म्हणून."

"घाई कोणाला होती? तुमच्या ओट्यावर बसलं की घडीभर सासू तरी दिसत नव्हती."

ती हसली. मला हसू आलं नाही. घाई कोणाला होती? मलाच. इतकी वर्षं दळलं, पण बायांना एकदा विचारलं नाही.

उद्यापासून सकाळी फक्त ज्वारीवर ज्वारी, असं तिला सांगितलं. "बघते," म्हणाली. बघते म्हणजे येते की नाही?

शेषाबाई, काय ते लवकर कळव. तू आलीस तर तुझ्या गल्लीतल्या बाकीच्या येतील. नाहीतर गिरणी विकायची बोलणी मला करावी लागतील.