घड्याळाची किंमत

रविवार, ५ जानेवारी
माजलगावला लेकाकडं राहायला आले. भारतनं घर झकास बांधलंय. खाली दुकान, वर खोल्या. दुकानात लोकांनी टाकलेले हंडे, कंदील, अडकित्ते. मोठ्या शहरातली माणसं हौसेनं नेतात म्हणे. आपण घासून घासून कंटाळलो ते त्यांना शोभेला लागतं. नात आरोही आठवीत हाय. तिनं खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी दिली. म्हणाली, आजी, दिवसभर सगळ्यांना बोलतीस, थोडं हिला बोल. तोंड माझ्यावरच गेलंय पोरीचं. चौथी शिकलेय, जमेल तसं लिहिते.

सोमवार, ६ जानेवारी
भारतनं सिरसाळ्याच्या चंद्रभागाबाईकडून टेबलावर ठेवायचं जुनं घड्याळ आणलं. चारी अंगांनी काच, सांगाडा पितळी, आत लंबक. चावी हरवलेली, बंद. शुक्रवारी गिऱ्हाईक येणार, तोवर तू किंमत कर म्हणाला. माझा बाप मोडीचा धंदा करायचा, पितळ मला कळतं. टिचकी मारली, नाद लांबला. चिंचेनं कोपरा घासला, खालीही पिवळंच, मुलामा न्हाई. काचेच्या कडा हातानं तासलेल्या. माल अस्सल.
स्वयंपाकाला उठताना सवयीनं ‘येते’ म्हणाले. दुकानात कुणी नव्हतं. घड्याळाचा निरोप घेणारी मीच पहिली शहाणी. तेवढ्यात आत टिकटिक सुरू झाली.

मंगळवार, ७ जानेवारी
घासताना काचेत माझ्यामागं एक म्हातारी बसलेली दिसली. डोक्यावर पदर, तोंड दाराकडं. वळून पाहिलं तर नुसते हंडे. मोतीबिंदू वाढला असेल म्हटलं. आरोही शाळेला निघाली, दारातून म्हणाली, आजी, येते गं.
काचेतल्या म्हातारीनं मान वर केली. पोरीकडं बघत राहिली.

बुधवार, ८ जानेवारी
आरोही तापानं फणफणलीय. डॉक्टरला काही सापडत न्हाई, घरीच सलाईन लावून गेला. डोळे मिटून एकच बोलते, येते, आई, येते. तिची आई उशाशीच बसलीय, तिच्या हाकेला पोर ओ देत न्हाई.
घड्याळ फोडायला वरवंटा उचलला. काचेला नुसता लागला, अन् वर पोर किंचाळली. ठेवून दिला.

गुरुवार, ९ जानेवारी
सिरसाळ्याला जाऊन आले. चंद्रभागाबाई दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली न्हाई. तिच्या आजेसासूची लेक ‘येते’ म्हणून सासरी गेली, ती परत आलीच न्हाई. म्हातारी घड्याळासमोर वाट बघत मेली. आता त्याच्यापुढं ‘येते’ म्हणेल ती पोर तिची लेक. चंद्रभागाबाईची पोरगीही अशीच पडली होती. मग चंद्रभागाबाईच्या सासूनं घड्याळापुढं बसून, उंबऱ्यावर कुणी काढू नये तो शब्द काढला. पोरीच्या बदली मी जाते म्हणाली. पोर उठून बसली, सासू त्याच दिवशी गेली.
मग विकलंस कशापायी, मी विचारलं. म्हणाली, घरात आता म्हातारं माणूस उरलं न्हाई.
दोन शिव्या हासडल्या अन् तशीच माघारी फिरले.

शुक्रवार
पोरीचे पाय गार. सून चोळतेय, चोळतेय —

घड्याळापुढं बसलेय. म्हातारी काचेला नाक लावून. मीबी ‘येते’ म्हणाले होते की. मला विचारत न्हाई. हिला तरणी लेक पाहिजे.

भारत, गिऱ्हाईकाला परत लाव. हे धरणात टाक, अन् टाकून मुकाट्यानं घरी ये. पोरीला सांगू नको.
किंमत कर म्हणाला होतास. केली. एक म्हातारी. मोडीच्या भावात —

वर पोर बोलतेय. येते, ये —

न्हाई बाई, ती न्हाई यायची. आरोहीच्या बदली मी बायनाबाई जा