अकरा गुंठे आणि मिठाची रेघ

मी, विकी रघु मढवी, वय वर्षे एकोणतीस, धंदा एकच असा नाही, मूळ राहणार बाळकुम, ठाणे, सध्या मुक्काम मित्राकडे डोंबिवली पूर्व, आज शुद्धीत असताना, कोणी धाक घातलेला नसताना आणि कसलीही नशा केलेली नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. आधी कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कारण असं की सोमवारी माझ्या डोक्याचं ऑपरेशन आहे. आत एक रक्तवाहिनी फुगली आहे. टेंभी नाक्यावर हंडीच्या सरावात खालच्या थरात उभा होतो, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मग तपासण्यांत हे सापडलं. वरचे सगळे सुखरूप उतरले, हे कोणी विचारलं तर सांगावं. डॉक्टरांनी संमतीच्या कागदावर काय काय होऊ शकतं त्याची यादी दिलेली. मी सातव्या ओळीला वाचायचं सोडून दिलं.

कल्याणला कोर्टाबाहेर टायपिंगवाले काका बसतात, त्यांच्याकडून नमुना आणलाय. त्यात जेवढी कलमं आहेत तेवढी माझ्याकडे मालमत्ता नाही, म्हणून काही कलमं गाळतो.

कलम १. माझी सॅक, तंबू आणि झोपायची पिशवी. ही ज्याला सरळ घरी बसवत नाही अशा कोणालाही द्यावी. तंबूची चेन बिघडलेली आहे, ती कच्छमध्ये. तिथे मी मिठाच्या आगरात तीन महिने काम केलं. गेलो होतो खरं तर दुसरीकडेच, बस चुकली. पण तिथे बायाबापे रांगेत उभे राहून आगराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करताना बघितले आणि मला आमचं मैदान आठवलं. बाळकुमलाही हेच होतं. दिवसा आगर तुडवायचं, संध्याकाळी मिठाचे ढीग लावायची जागा रिकामी असेल तर त्याच पायांनी हुतूतू. मैदान कोणी बांधलं नाही, तुडवून तुडवून झालं. मीठ संपलं, खेळ राहिला. असो. मैदानाचं पुढे येतंच.

कलम २. बाबांचा कंपनीचा ब्लेझर. माझे वडील रघु मढवी यांना कोलशेत रोडच्या एका कंपनीने हेल्पर म्हणून घेतलं ते चढाई चांगली करतात म्हणून. कारखान्यांना तेव्हा टीम लागायच्या. दुपारपर्यंत मशीन, दुपारनंतर सराव. हा ब्लेझर मी माझा मित्र राजरत्न याला देतो. राजरत्न या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं काका म्हणाले, म्हणून तो आजच देऊन टाकला. तरी कारण लिहितो.

राजरत्नचे वडील आमच्याच गावच्या पलीकडच्या वस्तीतले. आमच्या मैदानाच्या कडेला उभं राहून बघायची त्यांना मुभा होती, रेघेच्या आत यायची नव्हती. मग कंपनीने त्यांनाही घेतलं, त्याच टीममध्ये. कबड्डीत साखळी धरायची तर शेजारच्याचा हात धरावाच लागतो. पहिल्या सामन्यात बाबांनी मनगटाला नुसती बोटं लावली आणि चढाई करणारा त्या फटीतून निघून गेला. दुसऱ्या सामन्यापासून पूर्ण हात धरला. बाबा हे सांगताना हसायचे. राजरत्नचे वडील हे कधी सांगायचेच नाहीत. कंपनी बंद पडली, टीम गेली, आणि गावच्या मैदानात त्यांना बोलवायला बाबा गेले नाहीत. एवढं माझ्या बापाच्या खात्यावर राहिलं आहे. ब्लेझरने ते फिटत नाही. राजरत्नने अंगात घालून बघितला आणि म्हणाला, "बाह्या आखूड आहेत रे. तुझ्या बापाचे हात लांब नव्हते."

कलम ३. शिट्टी, हजेरीचं बुक, मंडळाचा रबरी शिक्का. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं. शिक्क्याचा उपयोग नाही. मी मंडळाचा सचिव, आणि सात वर्षं वार्षिक अहवाल भरलेला नाही, कारण तेव्हा मी स्पितीत होतो, नंतर गोव्यात, नंतर कुठे ते आठवत नाही. नोंदणी गेली. यात दुसऱ्या कोणाची चूक नाही.

कलम ४. आता मैदान. बाळकुमचे अकरा गुंठे, ज्यात निम्मा हिस्सा माझा आणि निम्मा माझा मोठा भाऊ साईनाथ याचा आहे. सगळं भांडण याच्यावर आहे आणि माझ्यामागे काय होणार तेही याच्यावर आहे.

हे अकरा गुंठे आमचे नव्हते, हे मी पहिल्यांदा लेखी कबूल करतो. चार घरांची मिळून मीठ टाकायची जागा होती. १९८६ साली गावाने ठरवलं की आपण नुसतं खेळत नाही राहायचं, मंडळ काढायचं, जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं. फॉर्म आला. त्यात घटना पाहिजे, अध्यक्ष पाहिजे, सचिव पाहिजे, आणि मैदानाच्या मालकाचं संमतीपत्र पाहिजे. मालक कोण? चार घरं एकमेकांकडे बघत राहिली. बाबांची थोरली बहीण आवडाबाई, माझी आत्या, तिथेच होती. ती सांगते की कोणीतरी बोललं, "लिवा रघूचा नाव, त्याला सही येते." बाकी सगळ्यांचे अंगठे होते. मग संमतीपत्राला सातबारा लागतो म्हणून तलाठ्याकडे जाऊन बाकीच्यांनी अंगठे दिले. एका सामन्याच्या फॉर्मसाठी सगळ्यांचं मैदान एकाचं झालं, आणि संध्याकाळी तिथेच जेवण झालं, सगळे खूश होते.

बाबा गेले, वारस म्हणून आमची दोघांची नावं लागली. आजूबाजूला टॉवर झाले. बिल्डरने दोघांच्या सह्यांसाठी गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. साईनाथने सही केली, मी केली नाही. तो वाईट माणूस नाही. माझ्या सगळ्या तपासण्यांना टेम्पो बंद ठेवून तोच आला, फाइल तोच सांभाळतो. तो म्हणतो, "विक्या, तू वर्षाचे दहा महिने नसतोस. पाणी कोण मारतं ग्राउंडला? मी. खेळायला कोण येतं? चार पोरी आणि दोन कुत्रे. बिल्डर वरती मॅट टाकून देणार आहे, एसीमध्ये."

"ती टॉवरवाल्यांना. ॲपवर बुकिंग करून."

"मग तू कर ना ॲप डाउनलोड," म्हणाला.

आई नाही, माझं लग्न झालेलं नाही, म्हणून मी काही न लिहिता मेलो तर माझा हिस्सा कायद्याने साईनाथला जातो आणि पाडव्याला मैदान संपतं. म्हणून हा खटाटोप.

कलम ५. हिस्सा कोणाला. टायपिंगवाल्या काकांना मी सांगितलं, गावाला द्यायचाय.

"गाव म्हणजे कोण? गावाचं आधार कार्ड आहे?"

"मंडळाला देतो."

"नोंदणी?"

ती गेलेली. काका म्हणाले, एक नाव सांग. म्हणजे पुन्हा एकच नाव. चार घरांनी नकळत केली ती चूक मी कळून करतो आहे.

राजरत्नला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "माझ्या बापाला रेघेच्या आत घेतलं नाही, आणि मला मालक करतोस? गाव मला एक दिवस सुखाने राहू देईल का?" आत्याला विचारलं. ती म्हणाली, "मना नको. माज्यामागं कोन हाय?"

म्हणून माझा संपूर्ण हिस्सा मी साईनाथची मुलगी, माझी पुतणी, करिश्मा साईनाथ मढवी हिला देतो. ती त्या मैदानावर रोज खेळते. गावात मुलींनी खेळायचं नसतं, असं मी लहानपणापासून ऐकलं. मग कळलं की मुलींचा संघ असलेल्या मंडळाला स्पर्धेत आधी जागा मिळते, तेव्हा गावाला एकदम मुली दिसल्या. करिश्मा त्यातली. आता तिची राज्याच्या किशोरी संघाच्या शिबिरात निवड झाली आहे.

टायपिंगवाल्या काकांनी विचारलं, "वय?" आणि इथे मी अडकलो.

करिश्माचा जन्म दवाखान्यात न्यायच्या आधीच घरात, आत्याच्या हातात झाला. दिवस हरतालिकेचा, १४ सप्टेंबर २००७. आत्याचा उपास होता, तिला पक्कं आठवतं. नोंद करायची राहिली. ती पाचवीत असताना संघटनेने वयाचा दाखला मागितला. किशोरी गटाला वयाची अट असते. सचिव म्हणून मी प्रतिज्ञापत्र केलं, उशिराची नोंद करून घेतली, आणि साल २००९ सांगितलं. दोन वर्षं. सगळीच मंडळं करतात, असं मला तेव्हा वाटलेलं. साईनाथ म्हणाला, कर. २००९ साली हरतालिका ऑगस्टमध्येच होऊन गेली होती. जुनं कॅलेंडर काढून बघावं, खोटं कळेल.

कागदावर करिश्मा सोळा वर्षांची आहे. सोळा वर्षांच्या मुलीला जमीन दिली तर ती सांभाळणार तिचा बाप. काका म्हणाले, विकायला बापाला कोर्टाची परवानगी लागते, पण मुलीच्या भल्यासाठी म्हटलं की बहुतेक मिळते. म्हणजे फिरून तेच. ती अठराची आहे हे लिहिलं तरच मैदान तिच्या हातात राहतं. पण ते लिहिलं तर शिबिर जातं, पदकं जातात, तिच्याबरोबर खेळलेल्या मुलींचीही जातात.

मी तिलाच विचारलं. पायाला पट्टी गुंडाळत बसली होती.

"काका, ग्राउंड गेलं तर मी मॅटवर खेळेन. खेळच गेला तर त्या ग्राउंडवर काय करू? भेंडी लावू?"

"आणि बाकीच्या? लहान मुली?"

तिने पट्टी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "ते मला का विचारतोस? तारीख तू लिहिलेलीस."

म्हणून मी खरं लिहितो: करिश्मा साईनाथ मढवी, वय वर्षे अठरा पूर्ण. हा कागद बंद पाकिटात तिच्या हाती द्यावा. साईनाथला सांगू नये. तिने तो पाडव्याच्या आत बाहेर काढला तर मैदान तिचं आणि खेळ बंद. नाही काढला तर मैदान गेलं आणि ती शिबिरात. तिने काहीही केलं तरी तिला कोणी नाव ठेवू नये. ठेवायचं तर मला ठेवावं, मी तेव्हा ऐकायला नसेन. मला वाटतं ती काढणार नाही. मीही तिच्या जागी काढला नसता.

कलम ६. मी ऑपरेशनमधून उठलो तर हा कागद फाडावा. मग मी इथेच राहीन, मैदानाला पाणी मारेन, असं म्हणतोय. पण माझं मला माहीत आहे.

कलम ७. आवडाबाई आत्या. आमच्या मैदानाच्या रेघा चुन्याच्या नसतात, मिठाच्या असतात. चुना विकत आणावा लागायचा, मीठ घरचं होतं. मधली रेघ आत्या मारायची, सामन्याआधी, सरळ, दोरी न लावता. मारून झाली की बाजूला. तिने एकदा मला सांगितलं, "अरं इक्या, इतकी वरसं रेग मी मारली, पन कोनी बोलला नाय का आवडे, तू पन जा तिकरं." आत्याला मला काही देता येत नाही, ती साक्षीदार आहे. ती जन्मभर साक्षीदारच राहिली. तरी पाडव्याला बुलडोझर यायचा असेल तर आदल्या दिवशी तिला मैदानावर न्यावं, मीठ द्यावं आणि कोणी मध्ये उभं राहू नये. पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्यावं.

हे सर्व मी वाचून, समजून, डोकं दुखत असताना पण ठिकाणावर असताना लिहिलं आहे.

सही: विकी रघु मढवी

साक्षीदार १: राजरत्न. सही केली. ब्लेझर घालूनच आलेला.

साक्षीदार २: आवडाबाई. वय माहीत नाही, कागद नाही. डाव्या हाताचा अंगठा. ही साक्ष माझ्या सहीची आणि करिश्माच्या जन्माचीही, कारण करिश्माची आई गेल्यावर तो जन्म डोळ्यांनी बघितलेली ती एकच उरली आहे. अंगठा तीन वेळा घेतला. मीठ उपसून उपसून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या आहेत. तिन्ही वेळा नुसता निळा ठिपका उमटला. शेवटचा त्यातल्या त्यात बरा आहे, तोच धरावा.

स्थळ: मैदान, बाळकुम, ठाणे
दिनांक: १० जानेवारी २०२६, शनिवार