निळा ठिपका

३ तारीख, सोमवार

माझा जाहीर पंचनामा झाला! आणि तो केला कोणी? सख्ख्या नातीने. मुलाची मुलगी. दिवसभर कंपनीत ॲप बनवते आणि उरलेल्या वेळात 'रोजचं जगणं' म्हणून इंटरनेटच्या चव्हाट्यावर लिहीत बसते. आजचा विषय — मी! "माझी आजी मैत्रिणीशी फोनवर तासभर गोड बोलते आणि फोन ठेवला की म्हणते, सुटले बाई!"

खाली हसऱ्या तोंडांचा पूर.

म्हणते मी. पण स्वतःच्या घरात म्हणते! जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. इकडचं तिकडे कधी केलं नाही. आणि ही कार्टी —

४ तारीख

फोनवरच्या त्या मैत्रिणीने, लायब्ररीवालीने, वाचलंच. आमच्या संध्याकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "सुटलीस ना आमच्यातून? आता राहा सुखात." त्यावर बाकीच्यांचे अंगठे. कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण ही! सिस्टरच्या छड्या दोघींनी वाटून खाल्ल्या.

ग्रुप सोडला. गेल्या उडत.

नात आली. "अगं आजी, लोकांना तू केवढी आवडलीस!"

"लोक गेले खड्ड्यात. माझ्या मैत्रिणी गेल्या, त्याचं काय?"

"मी ती पोस्ट काढून टाकते ना."

"दूध सांडल्यावर भांडं झाकतेस? या घराची पायरी चढू नकोस परत."

गेली. मला वाटलं होतं, उलट बोलेल.

७ तारीख

फिरायला गेले नाही. गुडघा.

११ तारीख

नकाशाचं ॲप चुकून उघडलं. मी कुठे पडलेबिडले तर कळावं म्हणून नातीनेच बसवलेलं. तिला मी दिसते, मला ती. तिचा निळा ठिपका आमच्या इमारतीखाली! आणि त्याच वेळी तिची नवी पोस्ट — "मैत्रिणींबरोबर गच्चीवर. नुसती धमाल!"

पडदा सारून पाहिलं. खाली बाकावर बसली होती. एकटीच, मान खाली घालून.

१३ तारीख

रोज येते! पोस्टमध्ये कॉफी, वाढदिवस, हसून हसून पोट दुखलं. ठिपका मात्र बाकावर.

म्हणजे पोरीला एकही मैत्रीण नाही. जगाला दात दाखवायचे आणि इथे येऊन एकटं बसायचं! खोटं बोललं की सिस्टर कोपऱ्यात उभं करायच्या. ही आपणहून कोपऱ्यात बसलीय. आणि वरचं दार मी लावलंय.

१४ तारीख

भाजी दारातच घेतली. गुडघा तसाच. सहा वाजले की खिडकीशी. ती वर बघत नाही, मी हाक मारत नाही. एकाच वाणाच्या!

१५ तारीख

बाक रिकामा. नकाशावरही ठिपका नाही. जिवाचं काही बरंवाईट — छे, असलं लिहूसुद्धा नये. दहादा नंबर काढला, लावला नाही. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले, आपला एक लावता येईना!

उद्या दिसली की उतरायचं. मान गेला चुलीत.

१६ तारीख

दिसली. कठडा धरून जिना उतरले, तिच्या शेजारी बसले आणि पाठ केलेलं बोलून टाकलं, "मैत्रिणी नसल्या तर नसल्या. मी आहे."

ती बघतच राहिली. मग खुदकन हसली. "मैत्रिणी ढीगभर आहेत गं! आठवडाभराच्या पोस्ट मी रविवारीच लिहून ठेवते, त्या आपोआप पडतात. काल त्यांच्यातल्याच एकीकडे गेले होते, तिथे फोनची बॅटरी गेली."

"मग इथे कशाला झुरत बसतेस?"

"पायरी चढायची बंदी आहे ना." तिने फोन पुढे धरला. नकाशावर माझा ठिपका. "त्या दिवसापासून हा घराबाहेर पडलाच नाही, आजी."

"गुडघा दुखतो गं."

"मग आत्ता जिना कसा उतरलीस?"

तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

पायांत चपला होत्याच. दोघी लायब्ररीवालीच्या घराकडे निघालो.