ती घसरली नव्हती

मी, औलिस एरिक लेहतिमा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंद्याने वेल्डर, पुढे बारा वर्षे बेकारांच्या वर्गावर शिक्षक, राहणार कास्किलाहती, बंदराकडची शेवटची आळी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. फुफ्फुसांनी काम सोडले आहे, डोके मात्र जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. २०११ साली केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते यापेक्षा नीटनेटके होते. वकिलाने टंकलेखन करून दिले होते. त्यात मी स्वतःबद्दल जे लिहिले होते ते वाचून कोणालाही वाटले असते की एक भला माणूस गेला.

कलम १. घर. पिवळे लाकडी घर, मागची बाष्पस्नानाची सौना, सरपणाची खोली व तीत रचलेले दोन हिवाळ्यांचे बर्चचे सरपण, हे सर्व माझी एकुलती एक मुलगी तुइरे हिला जावे. अर्धा वाटा तिला कायद्यानेच मिळतो, तो देण्याचा मोठेपणा माझ्याकडे नाही. उरलेला अर्धा मी माझ्या इच्छेने देतो. दोन्हींवर अट नाही. घर ठेवावे, विकावे, पाडावे. थडग्यावर मेणबत्ती लावण्याची अट नाही. मला क्षमा करण्याचीही नाही. छताची उत्तरेकडची बाजू गळते, गिऱ्हाइकाला ते आधी सांगावे.

कलम २. बँकेतली बचत. आधी पुरण्याचा खर्च, मग उरेल ते तुइरेला. पेटी साधी असावी. चर्चच्या सभागृहात कॉफी आणि वेलचीचा पाव द्यावा, माणसे थंडीतून येतात. पाद्रीणबाई उल्ला यांनी माझ्याविषयी बोलताना 'त्यांनी स्वतःला घडवले', 'त्यांनी आपल्या रागावर विजय मिळवला' अशी वाक्ये घेऊ नयेत. मागच्या महिन्यात त्या येऊन गेल्या तेव्हा मी हे तोंडी सांगितले. त्या म्हणाल्या, "पण औलिस, ते खरंच आहे ना?"

मी म्हणालो, "खरं आहे. म्हणूनच नको."

कलम ३. बोट. ही लाकडी बोट मी १९७९ साली बांधली. ती कोणालाही देऊ नये, विकू नये. मध्यउन्हाळ्याच्या सणाला किनाऱ्यावर होळी पेटते तीत ती करवतून घालावी. कारण पुढीलप्रमाणे.

१९८६ च्या जुलैतल्या एका रविवारी सकाळी मी धक्क्यावर या बोटीचे इंजिन दुरुस्त करत होतो. तुइरे बारा वर्षांची होती. पंख्याची खीळ मी तिच्या हातात धरायला दिली होती. ती तिच्या हातातून निसटून पाण्यात पडली. खीळ दुकानात दोन मार्कांना, म्हणजे चिल्लर पैशांत, मिळायची. मी तिच्या डाव्या कानावर मारले. थप्पड नव्हती, मूठ होती. ती मागे धक्क्याच्या दगडांवर पडली. कानातून रक्त आले. त्या कानाने तिला पुढे कधीच ऐकू आले नाही.

दवाखान्यात मी सांगितले, "धक्क्यावर शेवाळ होतं. घसरली."

माझी बायको हेल्वी शेजारी उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "हो, घसरली." तुइरेला कोणी विचारले नाही.

तो फटका पहिला नव्हता. त्या आधीचे मोजता येणार नाहीत. माझ्या बापाचाही हात असाच होता, पण हे कारण म्हणून लिहीत नाही. बापाचा हात बापाबरोबर पुरला गेला. त्या रविवारचा हात माझा होता.

गेल्या हिवाळ्यात या कलमाचा कच्चा मसुदा मी शेजारी एन्सिओ हापाला यास साक्षीदार म्हणून वाचून दाखवला. एन्सिओने चाळीस वर्षे टपाल वाटले, गावात कोणाचे कोणाशी जमत नाही हे त्याला पाकिटांवरून कळायचे. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "चांगलं लिहिलंयस. पण मेल्यावर खरं बोलायला काय जातंय रे? तेव्हा थोबाडीत मारायलासुद्धा कुणी येणार नाही."

मला राग आला. जुना, ओळखीचा, मानेत चढणारा. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि तो उतरेपर्यंत थांबलो. सत्तावीस वर्षांच्या सवयीने एवढे मला जमते. मग मी परत खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "बरोबर आहे तुझं."

त्या आठवड्यात मी आरोग्य केंद्रात गेलो व १९८६ च्या कागदात दुरुस्ती मागितली. कारकून बाई म्हणाली की जुनी नोंद खोडता येत नाही, सोबत निवेदन जोडता येते. मी जोडले: 'ती घसरली नव्हती. मी मारले.' खाली सही केली. त्याची प्रत आणि या कलमाची प्रत मी तुइरेला, ती राहते त्या टाम्पेरे शहरी, टपालाने पाठवली. चिठ्ठी जोडली नाही. चिठ्ठी जोडली असती तर तीत मी काहीतरी मागितले असते.

कलम ४. वह्या. एकूण एक्केचाळीस. माझ्या खोलीतल्या कपाटात आहेत.

१९९८ मध्ये आमची जहाजबांधणीची गोदी बंद झाली. मी एक्कावन्न वर्षांचा होतो. रोजगार कचेरीने आम्हा वेल्डरांना सहा आठवड्यांच्या वर्गाला बसवले. विषय होता 'वृत्ती आपल्या हातात'. शिकवायला हेलसिंकीहून आलेली मुलगी माझ्या हातमोज्यांपेक्षाही तरुण असेल. आम्ही मागच्या बाकांवरून हसायचो. तिने प्रत्येकाला एक वही दिली आणि सांगितले, रोज तीन ओळी लिहा: आज कशाचा राग आला, मी काय केले, काय करता आले असते.

मी थट्टा म्हणून लिहायला लागलो. पहिली नोंद अशी आहे: 'हेल्वीने कप जोरात ठेवला. मी ओरडलो. कप तिचा आहे.' दुसऱ्या दिवशी हेल्वीने कप ठेवला तेव्हा मला ती ओळ आठवली आणि तोंड उघडलेच नाही. तिने दचकून माझ्याकडे पाहिले. ओरडलो नाही म्हणून बायको दचकली, हे मी त्या दिवशीच्या वहीत लिहिले आहे.

वहीने मला बदलले हे मी शपथेवर सांगतो. त्यानंतर मी कोणावर हात उचलला नाही. ज्यांना हे सगळे थोतांड वाटते त्यांनी तसे वाटून घ्यावे. त्यांना माझ्या घरात कधी राहावे लागले नव्हते.

परंतु एक्केचाळीस वह्यांत १९८६ चा रविवार कुठेही नाही. वही 'आज'ची होती, त्यामुळे काल सुटला. मला ते सोयीचे पडले.

प्रशिक्षण केंद्राला या वह्यांचे पुस्तक काढायचे आहे. त्यांना एकही पान देऊ नये. पहिल्या तीन वह्या आणि एक कोरी वही समोरच्या घरातल्या योनास केत्तुला याला द्याव्यात. घरच्यांवर ओरडण्याचा त्याचा आवाज उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असताना माझ्यापर्यंत येतो. मी एकदा त्याला टोकले तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमचं काय जातंय?" माझे काय गेले ते त्याने कलम ३ मध्ये वाचावे. बाकीच्या वह्या जाळाव्यात.

कलम ५. वेल्डिंगची हत्यारे गावातल्या धंदेशिक्षणाच्या शाळेला. मुखवट्याची काच बदलावी.

कलम ६. ओइवा साल्मेला. ही मालमत्ता नाही, पण माझ्या नावावर आहे.

वर्गातून मी बाहेर पडलो तो शिक्षक होऊन. कचेरीला माझ्यासारखा माणूस हवाच होता: हाताला भाजल्याचे डाग, गोदीची भाषा, आणि तोंडात त्यांची वाक्ये. मी बारा वर्षे शिकवले. काहींना उपयोग झाला, ते अजून रस्त्यात हात दाखवतात. ओइवा माझ्याशेजारी एकोणीस वर्षे वेल्डिंग करत होता. टाकीच्या पोटात वाकून वाकून त्याची पाठ गेली होती, आणि त्या वर्षी बायकोही गेली. २००३ च्या मार्चमध्ये तो माझ्यासमोर वर्गात बसला.

मी फळ्यावर लिहिले, 'परिस्थिती नाही, प्रतिसाद.' ओइवा म्हणाला, "औलिस, मला रात्रभर कूस बदलता येत नाही. प्रतिसाद कुठल्या कुशीवर द्यायचा तेवढं सांग."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मला वाटले वर्ग हातातून जातोय. मी त्याला म्हणालो, "हीच ती वृत्ती. याच वृत्तीमुळे तू इथे बसलायस."

तो म्हणाला, "मी इथे पाठीमुळे बसलोय. तुला माहीत आहे." आणि टोपी घेऊन गेला.

अहवालात मी लिहिले: 'वृत्ती नकारात्मक. सहकार्य नाही.' त्या दोन वाक्यांवर त्याचा बेकारभत्ता थांबला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो मासेमारीचा गळ घेऊन खाडीच्या बर्फावर चालत गेला. तेव्हा बर्फ वितळू लागून काळा पडला होता. आपल्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही कळते की काळ्या बर्फावर पाय ठेवायचा नाही. तो अपघात होता की नाही हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही असे म्हणायची मला मुभा आहे का तेही ठाऊक नाही.

पुरल्यानंतरच्या कॉफीला त्याची बहीण आउने माझ्या टेबलापाशी आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तर, आता मी कुठली वृत्ती ठेवू? शिकवा की. तुम्ही म्हणाल तशी ठेवते." मी कप खाली ठेवला आणि घरी आलो. त्या दिवशीच्या वहीत मी लिहिले आहे: 'आउनेने अपमान केला. मी शांत राहिलो.' खाली स्वतःला शाबासकी दिली आहे. ते पान मी अनेकदा वाचले आहे.

एन्सिओ बोलला त्याच आठवड्यात मी गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: 'ओइवा साल्मेला याची वृत्ती चांगली होती. पाठ वाईट होती. २००३ साली मी उलटे लिहिले. औलिस लेहतिमा.' आउने आता त्र्याऐंशीची आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात भेटली. म्हणाली, "दोन ओळी लिहायला बावीस वर्षं लागली तुला." तिने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, आणि मागे न बघता म्हणाली, "छापलंस ते बरं केलंस. आता माझ्याशी बोलू नकोस." तिची ही इच्छा माझ्या पुरण्यालाही लागू आहे. तिला निमंत्रण धाडू नये.

वृत्ती आपल्या हातात असते यावर माझा अजून विश्वास आहे. मात्र हे वाक्य स्वतःला सांगायचे असते. दुसऱ्याला सांगितले की त्याचे दांडके होते. मी ते बारा वर्षे पगार घेऊन चालवले.

कलम ७. तुइरेकडेही मी तेच दांडके घेऊन गेलो होतो. २००७ साली, साठीचा झाल्यावर, वह्यांची पिशवी घेऊन टाम्पेरेला तिच्या घरी. कॉफी झाली. मी म्हणालो, "मी बदललोय, तुइरे. आता तूही मागचं सोडून दे. राग धरून ठेवणं आपल्याच हातात असतं."

ती म्हणाली, "बाबा, या बाजूला येऊन बोला. त्या कानानं मला ऐकू येत नाही."

मी खुर्ची बदलली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. पुन्हा. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "त्या वह्यांत तो दिवस आहे?" मी पिशवीचे तोंड बांधले. "मग तुम्ही बदललात, बरं झालं. आईला उपयोग होईल. मला नाही." त्यानंतर ती या घरी आली नाही.

कलम ८. हे कलम मी आज नव्याने जोडत आहे.

परवा, मंगळवारी, तुइरेचा फोन आला. कागद मिळाल्याला पाच आठवडे झाले होते. मी फोन उचलून माझे नाव सांगण्याआधीच ती बोलू लागली.

"कागद मिळाले."

"बरं."

"मी येणार नाहीये, बाबा. तुम्ही असताना नाही आणि नंतरही नाही. ते सांगायला फोन केला. वाट बघत बसाल म्हणून."

"बरं."

मला वाटले आता ती फोन ठेवेल. मग म्हणाली, "आई गेली तेव्हा मी दोन दिवस तिच्याजवळ बसले होते. आठवतंय?"

आठवत होते. २०१९ चा नोव्हेंबर. मी दवाखान्यात खोलीबाहेरच्या बाकावर बसून होतो. दार बंद होते, आणि मायलेकी बोलताहेत याचे मला समाधान वाटत होते.

"मी तिला विचारलं. म्हटलं, आई, आता तरी सांग. बाबा बाहेर आहेत, कुणी ऐकत नाहीये. एकदाच म्हण की त्यांनी मारलं." तुइरेचा आवाज सपाट होता, यादी वाचावी तसा. "ती म्हणाली, तू घसरली होतीस, बाळ. दोन दिवसांत तीनदा विचारलं. तीनदा तेच. मग मला वाटायला लागलं की मीच वेडी असेन. सहा वर्षं वाटत होतं. मला एवढंच विचारायचंय. ती असं का म्हणाली?"

मी म्हणालो, "माझ्या भीतीने."

"तुम्ही तर बदलला होतात."

"मी बदललो होतो. भीती कशी बदलणार?"

तिने फोन ठेवला.

तेव्हा माझी शेवटची इच्छा अशी. हेल्वी मार्ता लेहतिमा ही माझी बायको खोटे बोलणारी बाई नव्हती. शेजाऱ्याची अंडी उसनी आणली तर एक जास्त परत करायची. डॉक्टरांसमोर आणि मरताना मुलीसमोर तिने जे सांगितले ते माझे वाक्य होते. ते मी तिच्या तोंडात घातले आणि ती गेली तरी काढून घेतले नाही. तुइरेने आईला त्यातून मोकळे करावे. हेल्वीच्या नावावर असलेले ते खोटे आजच्या तारखेपासून, सर्व जबाबदारीसह, माझ्या नावावर करावे.

हा लेख मी वाचून पाहिला, आणि साक्षीदारांना वाचू दिला. कायद्याने त्यांना मजकूर वाचण्याची गरज नाही. गरज माझी होती.

सही: औलिस एरिक लेहतिमा

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना लेहतिमा यांनी वरील सही केली. ते शुद्धीवर होते व आपण काय करत आहोत हे जाणून होते. आम्ही त्यांचे नातेवाईक नाही, व या लेखाने आम्हास काही मिळत नाही.

साक्षीदार १: एन्सिओ हापाला, निवृत्त टपालवाला
साक्षीदार २: सोइन्तू वार्तिया, परिचारिका

स्थळ: कास्किलाहती
दिनांक: २४ एप्रिल २०२५