गाऱ्हाण्यातली गप्प जागा

पूर्वाच्या आजोबांस,

तुमचं नाव जिवंतपणी कधी तोंडातून काढलं नाही, ते आता कागदावर कसं काढू? हाच मायना गोड मानून घ्या. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही अर्धी वरीचे तांदूळ निवडण्यात गेली. अक्षर वाकडं आलं तर तिथे बसून हसू नका.

आज लिहायला बसले कारण परवा नारळी पौर्णिमा. तुम्ही गेल्यावरची पहिली. दर्याला नारळ देताना सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं कोण घालणार, यावर सगळ्या होडीवाल्यांची बैठक झाली आणि ठरलं काय, सांगू? तुमच्या नातीनं घालायचं! पूर्वानं! मिठबावात आजवर एका पोरीनं तरी घातलं होतं का हो? मला इतका आनंद झाला की नारळीभाताचा गूळ मी आतापासूनच किसून ठेवला. आणि काल रात्री तीनदा उठून देव्हाऱ्यापुढे बसले. आनंद आणि भीती एकाच वेळी येतात, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

भीती कसली, ते सांगते.

पोरगी मालवणच्या कॉलेजात मराठी शिकते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्या बाईंनी निबंध लिहायला सांगितला, बोलण्याची शैली आणि त्यातला अर्थ असं काहीतरी. कुणी कविता घेतली, कुणी सिनेमा घेतला. हिनं तुमचं गाऱ्हाणं घेतलं. गेल्या नारळी पौर्णिमेला तिच्या बापानं, आपल्या दिगूनं, फोनमध्ये उतरवून ठेवलं होतं ना, तेच.

"शैली म्हणजे काय गो?" मी विचारलं.

"बोलण्याची ढब, आजी."

"मग फोनाक कित्याक विचारतंस? माका विचार!"

पण छान काढलं हो तिनं शोधून. म्हणाली, आजोबा आधी दर्याचं मोठेपण सांगतात, मग गावाचं, मग घराचं, मग चुलीवरच्या टोपापर्यंत येतात, मोठ्याकडून लहानाकडे. म्हणाली, आधी देवाला विनवतात आणि मध्येच हक्कानं दम देतात, घरातल्या म्हाताऱ्याला द्यावा तसा. आणि लोकांचं "व्हय म्हाराजा" आलं की त्या लाटेवर पाय देऊन पुढची ओळ उचलतात. इतकी वर्षं मी मागे बायकांत उभी राहून ऐकलं, पण हे असं बांधलेलं आहे हे मला कुठे दिसलं होतं? तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

तुम्हाला अर्थ काढायची हौस होतीच म्हणा. आठवतं, मालवणला सिनेमा बघितलेला? त्यातली बाई शेवटी खिडकी लावून घेते. तुम्ही म्हणालात, रडताना कुणी बघू नये म्हणून लावली. मी म्हटलं, वारा होता म्हणून लावली. मिठबाव येईपर्यंत एसटीत भांडलो आपण! कंडक्टर म्हणाला, "काकानू, आता आमच्या गाडीची खिडकी तरी लावा." तर असं.

कुठे होते मी? हां. वैशाखात घडलं ते.

बाईंनी पूर्वाला एक युक्ती शिकवली होती. एखादी ओळ काढून वाचून बघायचं, म्हणजे ती ओळ काय काम करते ते कळतं. मी खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होते. दिगू पहाटेपासून दर्यात. वाराही बरा नव्हता त्या दिवशी. पोरगी फोनवर तुमचं गाऱ्हाणं लावून तुमच्यासारखंच मोठ्यानं म्हणत होती, आणि नेमकी कुठली ओळ काढावी तिनं? "दर्यार गेल्लो परत्येक गडी सुखरूप घराक येवंदे" हीच! ती गाळून थेट "सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा" वर आली.

आणि शेजारचा बाबल्या माडावरून खणखणीत ओरडला, "व्हय म्हाराजा!"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. गाऱ्हाण्यावर कुणाचंही व्हय पडलं की ते देवाच्या दरबारात रुजू झालं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"मेल्या बाबल्या, शिरा पडो तुझ्या तोंडार! व्हय कित्याक म्हटलंस?"

"अगो काकी, गाऱ्हाणा कानार पडला काय तोंडातसून आपोआप येता. शिंक येता तसा!"

"पन तेच्यात दिगूचा परत येना नव्हता रे!"

बाबल्या माडावरून उतरला तो सरसर नाही, घसरतच. तोंड उतरलेलं. पूर्वा म्हणाली, "आजी, तो अभ्यास होतो. खरा गाऱ्हाणा नाय."

"देवाक काय ठावक अभ्यास?"

आधी ती हसली. मग माझं तोंड बघून तिनं फोन बंद केला.

दुपारपर्यंत बाकीच्या होड्या लागल्या. आपली नाही. मी वाळूत जाऊन बसले. बाबल्याही आला, चहा दिला तर घेईना. दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. उन्हं कलली तेव्हा दुसऱ्या होडीनं ओढत आणली आपली, इंजिन बंद पडलं होतं. दिगूला सगळं सांगितलं तर तो पोट धरून हसला. "आवशी, देव काय मराठीचो पेपर तपासता?" हसला, पण परत एकदा सगळं गाऱ्हाणं पूर्ण म्हणून घेतलं त्यानं पूर्वाकडून, ओळीसकट. व्हय म्हटलं ते दिगू, बाबल्या आणि मी, तिघांनी.

त्यानंतर पूर्वानं मला विचारलं, "आजी, ओळ काढली की काय जाता, ता माका कळला. पन त्या ओळीच्या आधी आजोबा गप्प ऱ्हवतत. ती गप्प जागा काढली तर काय जायत?"

तुमचं ते थांबणं! बाई म्हणाल्या, ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा म्हणून ते थांबतात, ती त्यांची शैली. दिगू म्हणाला, "खयची शैली? बाबांका दम लागी." बाबल्या म्हणाला, "फुडची ओळ इसरत आसतले." ज्याला त्याला आपला अर्थ. मला विचारलं तर मला काहीच सांगता येईना. इतका संसार केला आणि तुमच्या एका गप्पपणाचा अर्थ मला ठाऊक नाही! खिडकी लावणाऱ्या त्या परक्या बाईवरून तासभर भांडलात, आणि स्वतःचं एवढंसं सांगवलं नाही तुम्हाला?

मग पूर्वानं फोन माझ्या नाकाशी धरला. "आवाज बंद करतंय. नुसते डोळे बघ."

बघितलं. तुम्ही थांबता, आणि समोरच्या एकेका गड्याच्या तोंडाकडे बघत जाता. बाबल्या, मग त्याचा भाऊ, मग बाकीचे. आणि शेवटी थेट आमच्याकडे बघता. मी म्हटलं, "बघ, माझ्याकडेच बघतत."

"नाय आजी. फोन पप्पांनी धरल्यानी. ते पप्पांका बघतत."

अहो, तुम्ही भीत होतात? दर्याकाठी छाती काढून उभा राहणारा माणूस, विजेला मी कानात बोटं घातली की चिडवणारा माणूस, तुम्ही दर वर्षी तिथे भीत होतात? यातलं कोण परत येणार नाही, हाच विचार ना मनात? आणि मी मागे तेवढीच भीत उभी. सांगितलं असतंत तर निदान दोघं मिळून भ्यालो असतो हो!

काल पूर्वानं तालीम केली. दिगू समोर जाळं विणत बसला होता. त्या जागी आली, बापाकडे बघितलं, आणि तिला पुढे बोलताच येईना. निबंधाला बाईंनी शाबासकी दिली होती, वर्गात वाचून घेतला होता. पण काल ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आजी, पुनवेक सगळ्यांसमोर अशीच गप्प झालंय तर? ती ओळ माझ्या तोंडातसून इलीच नाय तर?"

मला तीच भीती आहे. पुन्हा ती ओळ राहिली, आणि पुन्हा कुणीतरी सवयीनं व्हय म्हणून टाकलं तर?

म्हणून तुम्हाला शब्द देते. परवा मी मागे बायकांत उभी राहणार नाही. पुढे, पूर्वाच्या समोर, तिला दिसेन अशी उभी राहीन. बाबल्याचा दंड धरून ठेवीन. ती थांबली तर थांबू दे, हवं तेवढं. तोवर कुणाला तोंड उघडू देणार नाही. आणि ती ओळ पोरीच्या तोंडातून बाहेर पडली, की पहिलं "व्हय म्हाराजा" माझं असेल. आवाज कापेल. कापू दे. पण दर्याच्या पार ऐकू जाईल असं म्हणेन.

तुमचीच,
जिला तुम्ही उभा जन्म नुसतं "गो" म्हणालात, ती